तिरक्या आरशाची साक्ष

मित्रांनो, माझ्यासमोर आजवर हजारो माणसं येऊन बसली, पण माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. सगळ्यांनी पाहिलं ते स्वतःकडे. भांग सरळ आहे का, मिशी दोन्हीकडून सारखी आहे का, कपाळावरचे केस आणखी मागे सरकले का, एवढीच त्यांची काळजी. मध्ये मी उभा आहे हे कुणाच्या गावीही नसतं. त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही, आरशाच्या जन्माला आल्यावर एवढं सोसावंच लागतं. पण एकदा मात्र एका न्यायाधीशबाईंनी पायातले बूट काढले, एका परक्या माणसाच्या पलंगावर त्या आडव्या झाल्या, आणि तिथून त्यांनी डोळे ताणून ताणून फक्त मला पाहिलं. त्या दिवसाची गोष्ट सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

मी केस कापायच्या दुकानातला जुना आरसा. जन्मलो तेव्हा नुसती काच होतो. माझ्यापुढे काही धरलं की ते थेट पलीकडे निघून जाई, माझ्या हाती काही लागत नसे. मग कारखान्यात कुणीतरी माझ्या पाठीवर चांदीचा पातळ लेप दिला, त्यावर तांबड्या रंगाचा हात फिरवला, आणि समोर येईल ते जसंच्या तसं परत करायची विद्या मला आली. सुताराने शिसवी चौकट बसवली. दोन माणसांनी मला घोंगडीत गुंडाळून या दुकानात आणलं, आणि घोंगडी सोडल्याबरोबर पहिलं काय पाहिलं असेल मी? दोन मुलगे, एक थोरला, एक धाकटा, दोघांच्या जिभा हनुवटीपर्यंत बाहेर. मालकाची मुलं होती ती. बाप ओरडेपर्यंत दोघांनी मला वेडावून दाखवलं. मला ती फार आवडली.

बाप लवकर गेला. थोरल्याने शाळा सोडून कात्री हातात घेतली आणि तिच्या जोरावर धाकट्याला शिकवलं. धाकटा शिकून मोठा झाला, दूरच्या शहरात कापडगिरणीत मॅनेजर झाला, बंगला बांधला. थोरला इथेच राहिला. सगळं गाव त्याला मास्टर म्हणू लागलं. मित्रांनो, मी आरसा आहे, फुगवून सांगणं मला जमत नाही. तरीही सांगतो, त्या माणसाच्या हातासारखा हात मी पुन्हा पाहिला नाही. कात्री कानाजवळून जाई तरी गिऱ्हाइकाचा डोळा लागलेला असे. लग्नाला निघालेला नवरदेव असो की हमाल, मानेवरचा शेवटचा केस झटकताना तो दोघांनाही सारखाच जपे.

मास्टरचे दोन नियम होते. एक, खुर्चीतलं गिऱ्हाईक अर्धवट सोडायचं नाही. वीज जाऊ दे, पाहुणे येऊ दे, घराला आग लागली तरी आधी दाढी पुरी करायची. आणि दुसरा, गिऱ्हाइकाला वाकडा आरसा दाखवायचा नाही. तो म्हणायचा, "माणूस आधीच स्वतःला नावं ठेवत आलेला असतो. त्यात आपण त्याचं तोंड आणखी वाकडं कशाला दाखवायचं?" रोज सकाळी दुकान उघडलं की तो माझी चौकट दोन्ही हातांनी धरून नीट बसवी, ओल्या कपड्याने पुशी, मग कोरड्याने. हे दोन नियम लक्षात ठेवा. पुढे जी उलथापालथ झाली ती या दोन चांगल्या नियमांनीच केली.

मुलगी पाळण्यात असतानाच मास्टरची बायको वारली. मुलीला सगळे चिऊ म्हणत. दुकानाच्या मागच्या खोलीत बापलेक राहत. मुलांचे केस कापताना खुर्चीच्या दोन हातांवर एक फळी आडवी टाकतात, मूल उंच बसावं म्हणून. त्या फळीवर बसून चिऊ अक्षरं शिकली, गणितं शिकली आणि माझ्यात बघून पडलेले दात मोजायला शिकली.

मग मावशी आली. नात्याची नव्हे हं. काम मागायला आलेली रुंद खांद्यांची, कमी बोलणारी बाई. पुरुषांच्या दुकानात बाई वस्तरा चालवणार म्हटल्यावर गिऱ्हाइकं कावरीबावरी झाली. दुसऱ्या खुर्चीवर कुणी बसेना. शेवटी शाळेतले गणिताचे सर उठले, "मला कापलं तर कापलं, तशीही माझ्या गालावर जागा भरपूर आहे," म्हणत बसले, आणि मावशीने त्यांची दाढी अशी केली की सर दुसऱ्या दिवशी पुन्हा आले, दाढी वाढलेली नसताना. वर्षामागून वर्षं गेली. मावशीने चिऊच्या वेण्या घातल्या, तापात तिच्या उशाशी बसली, शाळेत पालकांची सभा असली की मास्टरच्या कामात खंड नको म्हणून तीच जाऊन आली. चिऊ तिला मावशी म्हणे आणि मावशी तिला "ए बाई" म्हणे. दोघींचं गूळपीठ मी रोज बघत होतो.

पुढे मास्टरची छाती बिघडली. उभं राहवेना. पलंग मागच्या खोलीत, दाराशेजारी. त्याला दुकान दिसेना आणि दुकान दिसलं नाही की त्याला श्वास पुरत नसे. थेट पाहावं तर भिंतीचा कोपरा आडवा. दारातून दिसायचो फक्त मी, तोही उंचावर. त्यामुळे पलंगावरून माझ्यात बघितलं की छत दिसायचं आणि पंखा.

त्याच दिवसांत काका भेटायला आला. काका म्हणजे तोच जीभ काढणारा धाकटा, आता डोक्यावर विरळ केस आणि अंगात कडक इस्त्रीचा शर्ट. मास्टर आतून म्हणाला, "धाकट्या, एक काम कर. त्या आरशाला वरून जरा पुढे झुकव. मला पहिली खुर्ची दिसू दे."

काका स्टुलावर चढला. दोन दात मोडलेला एक मोठा कंगवा माझ्या वरच्या काठामागे त्याने खुपसला. मी मान खाली घातल्यासारखा झुकलो.

"दिसली का?"

"अजून थोडा... बास, बास! दिसली. आता तू बस तिथे. तुझं तोंड तरी बघू दे."

काका पहिल्या खुर्चीवर बसला, मावशीने त्याचे केस कापले, आणि दोघा भावांनी माझ्यातून एकमेकांकडे बघत भरपूर गप्पा मारल्या. मधल्या भिंतीला पत्ताही नव्हता. एकाचे डोळे मी दुसऱ्याकडे पोचवत होतो. मी इतकी वर्षं माणसाला त्याचंच तोंड दाखवत आलो होतो. दुसऱ्याचं तोंड दाखवण्यात किती सुख आहे ते मला त्या दिवशी समजलं.

काका गेल्यावर मास्टरने वकिलाकडून मृत्युपत्र लिहून घेतलं. चिऊ सज्ञान होईपर्यंत तिची पालक मावशी, दुकान चिऊचं, पण तोवर चालवायचं मावशीने. सहीला दोन साक्षीदार हवेत. शेजारचा औषधवाला आपलं दुकान क्षणभर सोडून आला. दुसरे साक्षीदार गणिताचे सर. ते नेमके पहिल्या खुर्चीवर होते, एक गाल साफ, दुसऱ्या गालावर फेस. सर उठू लागले तसा आतून आवाज आला, "सर, बसा! अर्धी दाढी ठेवून माझ्या दुकानात कुणी उठायचं नाही. मावशी, फळी टाक. तिथेच सही करू दे."

मास्टरने पलंगावर बसून सही केली. औषधवाल्याने तो कागद बाहेर आणला. मावशीने खुर्चीच्या हातांवर मुलांची फळी टाकली आणि वस्तरा घेऊन बाजूला झाली. मास्टर आतून म्हणाला, "सर, ती खालची सही माझीच. मी बघतोय, तुम्ही साक्षीची करा." सरांनी माझ्यात पाहिलं, मास्टरने माझ्यात पाहिलं. सरांनी सही केली, त्यांच्या हनुवटीवरून फेसाचा एक ठिपका कागदाच्या कोपऱ्यावर पडला. मग औषधवाल्याने वाकून सही केली. मास्टर म्हणाला, "झालं. आता दाढी पुरी करा." आणि थकून डोळे मिटले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत तो गेला. दुकान बंद राहिलं. मावशीने ते पुन्हा उघडलं तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते, पण तिने सगळं दुकान घासूनपुसून लख्ख केलं, आणि मास्टर करायचा तशी माझी चौकट दोन्ही हातांनी धरली. कंगवा निघाला. मी सरळ झालो. "वाकडा आरसा दाखवायचा नाही," ती स्वतःशीच पुटपुटली. मित्रांनो, मला ओरडावंसं वाटलं. पण आरशाला तोंड दाखवता येतं, उघडता येत नाही.

काकाने मृत्युपत्राला हरकत घेतली. तो दुष्ट नव्हता, हे आधीच सांगतो. त्याचं म्हणणं असं, सख्खा काका जिवंत असताना मुलगी परक्या बाईकडे का राहील? बंगल्यात खोली आहे, चुलत भावंडं आहेत, चांगली शाळा आहे. आणि त्याच्या मनातली खरी बोच वेगळीच होती. भावाने आपल्याला न विचारता दुसऱ्या कुणाला निवडलं, हे त्याला फार लागलं होतं. मृत्युपत्र रद्द झालं तर जवळचा नातेवाईक म्हणून पालक तोच होणार, दुकान विकलं जाणार आणि चिऊ त्या दूरच्या शहरात जाणार. चिऊचं तर जेवणावरून मनच उडालं. शाळेतून आली की ती दप्तर न काढता दुसऱ्या खुर्चीला टेकून उभी राही, मावशीच्या ॲप्रनचं टोक मुठीत धरून. मावशी एका हाताने काम करी, पण टोक सोडवून घेत नसे.

कोर्टात मी काही गेलो नाही. पण केस कापायच्या दुकानात बसून जगातलं काय कळत नाही? कायदा असा की, साक्षीदारांनी मृत्युपत्र करणाऱ्याच्या देखत सही करायला हवी. काकाच्या वकिलाने तेवढंच पकडलं. कागदावर साबणाचा डाग आहे, म्हणजे सही खुर्चीत झाली. खुर्ची बाहेर, माणूस आत, मध्ये भिंत. मग देखत कशी?

गणिताचे सर दुकानात येऊन तावातावाने सांगत होते, "मला विचारलं, तुम्ही आणि मास्टर यांच्यामध्ये काय होतं? मी म्हटलं, भिंत होती, पण आरसा... तर म्हणे, विचारलं तेवढंच उत्तर द्या! आयुष्यभर मुलांना हेच वाक्य ऐकवत आलो, आज माझ्यावरच उलटलं."

आमच्या बाजूच्या वकीलबाईंनी नंतर आरशाचं विचारून घेतलं. सर बोलले, औषधवालाही बोलला. पण काकाचे वकीलसाहेब आधीच दुकानात येऊन, पलंगावरून माझा फोटो काढून गेले होते. फोटोत पंखा होता. नुसता पंखा. झालं, दोन भली माणसं चारचौघांत खोटारडी ठरायची वेळ आली. मावशीने सांगितलं की आरसा मीच सरळ केला, तर वकीलसाहेब हसून म्हणाले, "फारच सोयीची स्वच्छता!" ती परत आली आणि माझ्यासमोर बसून आपल्या तळहातांकडे बघत राहिली. ज्या हातांनी मला इतकं निगुतीने पुसलं, त्याच हातांनी आपली पोर गमावली, असं तिला वाटत होतं.

मग न्यायाधीशबाई म्हणाल्या, "मी ती जागा स्वतः बघणार."

त्या आल्या तेव्हा दुकान माणसांनी भरून गेलं. दोन्ही वकील, कोर्टाचा कारकून, सर, औषधवाला, काका, मावशी, आणि मावशीला चिकटून चिऊ. न्यायाधीशबाई ठेंगण्या, पिकल्या केसांच्या. घाई नावाची गोष्टच त्यांच्याकडे नव्हती. त्या आधी सगळ्या दुकानातून फिरल्या, दाराच्या चौकटीला हात लावून पाहिला, मग पलंगापाशी जाऊन त्यांनी चिऊला हाक मारली.

"बाळ, तुझे बाबा कसे झोपायचे? उशी एक की दोन?"

"दोन," चिऊ म्हणाली. "आणि वरची दुमडून. खोकला यायचा ना."

"मग तशीच ठेव बघू."

चिऊने उशा रचल्या. न्यायाधीशबाईंनी बूट काढले, पलंगाखाली नीट ठेवले आणि आडव्या झाल्या. कारकुनाने तोंड फिरवलं. आपल्या न्यायाधीशांना असं पाहायची त्याला सवय नसावी. मला मात्र त्या बाईंबद्दल जो आदर वाटला तो आजही तसाच आहे. गेलेल्या माणसाला काय दिसत होतं हे समजून घ्यायला त्या त्याच्या उशीवर डोकं ठेवून पडल्या होत्या. इतकं कोण करतं?

"मला पंखा दिसतोय," त्या आतून म्हणाल्या. "आणि पंख्यावरची धूळ."

एवढ्या गंभीर प्रसंगातही मावशीचे कान लाल झाले. आयुष्यभर आरसा पुसला आणि पंखा राहिला!

"मॅडम, आरसा तिरका होता," मावशी म्हणाली. "मीच सरळ केला. आमच्याकडे गिऱ्हाइकाला वाकडा आरसा दाखवत नाहीत."

"तुमचं म्हणणं ऐकलंय मी. पण तुम्हाला मूल हवं आहे, त्यामुळे तुमच्या एकटीच्या शब्दावर मी जाऊ शकत नाही. साक्षीदारांचं तेच म्हणणं आहे, पण फोटो वेगळं सांगतो आहे. आरसा तिरका होता, हे आणखी कुणी पाहिलंय का?"

काका माझ्या अगदी समोर उभा होता. सवयीने त्याने विरळ केसांवरून हात फिरवला आणि नजर वर केली. मित्रांनो, मी काही जादू केली नाही. मला ती येतही नाही. त्याच्यासमोर होतं तेच मी त्याला दाखवलं, थोरल्या भावासारखंच रुंद कपाळ, तसेच कान, आणि त्याच्या खांद्यामागे मावशीचा ॲप्रन मुठीत धरून उभी असलेली भावाची मुलगी.

"मॅडम," काका म्हणाला, "आरसा असा नव्हता."

वकीलसाहेब दचकले. "अहो, तुम्ही आपल्या बाजूचे आहात!"

"हो. पण आरसा असा नव्हता." काका म्हणाला. "मीच झुकवला होता. दादानेच सांगितलं होतं. वर कंगवा खुपसला होता मी, मोडका. कोर्टात तो फोटो दाखवला तेव्हाच माझ्या लक्षात आलं. पण मला कुणी विचारलं नाही, म्हणजे मी काही खोटं बोलत नाही, असं स्वतःला समजावत बसलो."

न्यायाधीशबाई पलंगावरून उठल्या नाहीत. पडल्या पडल्याच म्हणाल्या, "मग आता तसाच लावून दाखवा."

मावशीने खण उघडला. मोडक्या कंगव्याला केराची टोपली दाखवणाऱ्यांतली ती नव्हे. तिने तो धुऊन ठेवला होता. काका त्याच स्टुलावर चढला. माझ्यामागच्या भिंतीवर कंगव्याने रंग खरवडलेली खूण होती, तिथे त्याने तो बसवला. मी पुन्हा झुकलो. पाठीतून इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू!

"अजून थोडा," आतून आवाज आला. "बास, बास! दिसली." नेमके तेच शब्द, दुसऱ्याच तोंडून. काका स्टुलावर तसाच खिळून राहिला.

"सर, तुम्ही त्या खुर्चीवर बसा. औषधवाले, तुम्ही शेजारी उभे राहा, त्या दिवशी होतात तसे. फळी टाका." मावशीने फळी टाकली. "दोघे दिसताहेत. फळीही दिसते आहे. सर, तुमच्या हनुवटीखाली दाढीचा एक पुंजका राहिलाय."

"आज घरी केली, मॅडम," सर ओशाळून म्हणाले.

"आता मुलीला बसवा. बाळ, तुला काय वाटेल ते कर. तोंडाने काही बोलायचं नाही, बघू मला ओळखता येतं का."

चिऊ खुर्चीवर बसली. तिने मावशीकडे पाहिलं, काकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. आणि जीभ काढली. हनुवटीपर्यंत.

"जीभ काढली आहे," न्यायाधीशबाई शांतपणे म्हणाल्या. "हा कोर्टाचा अपमान आहे की नाही, ते आपण नंतर ठरवू."

सगळे हसले. काका मात्र हसला आणि हसता हसता स्टुलावरच बसून रडू लागला. त्याचं कारण त्या खोलीत फक्त त्याला ठाऊक होतं आणि मला. याच जागी, याच माझ्यासमोर, तशाच दोन जिभा एकदा बाहेर आल्या होत्या. त्यातला एक मुलगा आता नव्हता.

वकीलसाहेबांनी शेवटचा प्रयत्न केला, हे त्यांचं कामच होतं. "पण मॅडम, आरशात दिसणं म्हणजे देखत का? प्रत्यक्ष तर दिसलं नाही."

न्यायाधीशबाई उठून बूट घालत होत्या. "वकीलसाहेब, तुम्ही गाडी चालवता ना? मागून येणारी गाडी कशात बघता?"

"आरशात."

"आणि धडक बसली तर 'मला ती प्रत्यक्ष दिसलीच नव्हती' म्हणून सुटाल?"

वकीलसाहेबांनी टायची गाठ सारखी केली.

मृत्युपत्र खरं ठरलं. पण न्यायाधीशबाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. मूल कुठे राहील हे नुसत्या कागदावरून ठरत नाही, मुलाचं भलं कशात आहे हे बघावं लागतं, असं त्या म्हणाल्या. त्यांनी चिऊला एकटीला बसवून विचारलं, शाळेत चौकशी केली, मावशीचं घर पाहिलं. शेवटी मावशी पालक झाली. दुकान चिऊच्या नावावर, कारभार मावशीकडे, आणि तो नीट चालला आहे हे कोर्टाला वरचेवर दाखवायचं. सुट्टीत चिऊने काकाकडे जायचं, हेही त्यांनी घातलं. काका कोर्टाबाहेर मावशीला म्हणाला, "मला वाटायचं दादाने मला बाजूला सारलं." मावशी जन्मात कधी इतकं बोलली नसेल. ती म्हणाली, "अहो, सारलं असतं तर त्यांनी आरसा तुमच्याकडून लावून घेतला असता का? त्यांना तुम्हाला बघायचं होतं."

मित्रांनो, या गोष्टीतली माणसं मला फार थोर वाटतात. हरत असताना खरं बोलणारी मावशी, जिंकत असताना खरं बोलणारा काका, आणि मेलेल्या माणसाच्या उशीवर डोकं टेकवणाऱ्या त्या बाई. माझ्यासमोर येऊन लोक आपलं रूप बघतात. रूप असलंच तर मी ते त्या दिवशी पाहिलं.

आता मी म्हातारा झालो आहे. पाठीचा लेप कडेने उडतो आहे, कोपऱ्यात काळे डाग पडले आहेत. तुमच्या घरात माझ्यासारखं कुणी जुनं असेल तर त्याला मऊ कापडाने पुसा, ओल्या भिंतीवर टांगू नका, आणि डाग पडले म्हणून लगेच अडगळीत टाकू नका. आणखी एकच विनंती. एखादी वस्तू घरात तिरकी, वेडीवाकडी ठेवलेली दिसली तर ती सरळ करण्याआधी विचारा, ती कुणासाठी तशी ठेवली होती?

मी अजून तिरकाच आहे. पहिल्या खुर्चीवरच्या नव्या गिऱ्हाइकाला माझ्यात स्वतःच्या गुडघ्यांसकट सगळं दिसतं आणि ते कुरकुरतं. मास्टरचा नियम मावशीने फक्त माझ्यापुरता मोडला आहे. चिऊ शाळेतून आली की बापाच्या पलंगावर पालथी पडून अभ्यास करते, आणि मधूनच मान वर करून माझ्यात बघते. मावशीही कात्री थांबवून माझ्यात बघते. काका आला की पहिल्या खुर्चीवर बसतो आणि स्वतःच्या केसांकडे ढुंकूनही न बघता पलंगाकडे बघत राहतो.

परवा भिंती रंगवायला रंगारी आला होता. मला पाहून त्याने नाक मुरडलं. "हा आरसा वाकडा झालाय, नीट करून देतो," म्हणत त्याने हात वर नेला.

"हात लावू नका!" दुसऱ्या खुर्चीमागून मावशी ओरडली, आतल्या पलंगावरून चिऊ ओरडली, आणि पहिल्या खुर्चीवरून, गालावर फेस असलेला काका त्याच क्षणी ओरडला.